व्हीआरमध्ये पहिलं मराठी पॅनेल बनवायचंय? आधी "किल्ल्याच्या पायऱ्या" लिहून बघा

कुठलंही सॉफ्टवेअर डाउनलोड करायच्या आधी एक ओळ कुठेतरी लिहून ठेवा, "सिंहगड किल्ल्याच्या पायऱ्या". तीनच शब्द आहेत पण सगळी गोम त्यांच्यात आहे. सिं मधली पहिली वेलांटी टाइप होते स च्या नंतर पण दिसायला पाहिजे स च्या आधी, ल्ल्या मध्ये तीन व्यंजनं एकमेकांना चिकटतात, आणि पायऱ्या मधला तो कोयरीसारखा अर्धा र तर हिंदीत लागतच नाही, त्यामुळे "देवनागरी चालतं" असं सांगणाऱ्या बऱ्याच जणांनी तो कधी टाइप करून बघितलेलाच नसतो.

मी पहिलं पॅनेल, म्हणजे व्हीआर हेडसेट घातल्यावर समोर हवेत दिसणारी बटणांची पाटी, केलं तेव्हा यातलं काहीच डोक्यात नव्हतं. कोथरूडच्या घरी तीन वीकेंड बसून युनिटीत (गेम आणि व्हीआर बनवायचं सॉफ्टवेअर) मस्त गोल कोपऱ्यांची बटणं केली, लेबलं तात्पुरती इंग्लिशमध्ये टाकली होती, म्हटलं मराठी काय, शेवटी टाकू. शेवटच्या रविवारी टाकलं आणि सिंहगडाचा सहिंगड झाला. वेलांटी स ला सोडून ह च्या डोक्यावर जाऊन बसली, किल्ल्याच्या मध्ये प्रत्येक ल चा पाय मोडलेला दिसायला लागला, आणि तोपर्यंत एवढं काम झालेलं की टूल बदलायची हिंमत होईना. म्हणून हा लेख उलट्या क्रमाने लिहितोय, आधी अक्षर, मग माप, मग टूल.

सरावासाठी प्रोजेक्ट असा धरू: डोळ्यासमोर एक पॅनेल, वर "सिंहगड" असं शीर्षक, खाली चार बटणं, पुणे दरवाजा, कल्याण दरवाजा, देवटाके आणि तानाजी मालुसरे समाधी. बटण दाबलं की शेजारी चार ओळी माहिती येणार, म्हणजे समाधीवर दाबलं की ४ फेब्रुवारी १६७० च्या लढाईबद्दल. बस, एवढंच. चालणं, उडणं, गडाचं थ्रीडी मॉडेल वगैरे आत्ता काही नको, ते केलंत तर पॅनेल कधीच पूर्ण होणार नाही.

आधी कपाटावर करा

व्हीआरमध्ये पिक्सेलचा हिशोब चालत नाही, अंतर आणि कोनाचा चालतो. तोच बोर्ड एक मीटरवर ठेवला तर वाचता येतो, चार मीटरवर ठेवला तर नाही. गूगलच्या डेड्रीम टीमने (डेड्रीम म्हणजे त्यांचं तेव्हाचं व्हीआर) २०१७ मध्ये यासाठी एक सोपं माप लोकांसमोर आणलं, डीएमएम. एक मीटर अंतरावरचा १ मिलिमीटर म्हणजे १ डीएमएम, दोन मीटरवर तोच १ डीएमएम म्हणजे २ मिलिमीटर, असं वाढत जातं. २०१९ मध्ये गूगलने डेड्रीम बंद केलं पण माप कामाचं आहे, मी अजून तेच वापरतो. त्यांच्या हिशोबात वाचायला आरामशीर अक्षर म्हणजे फॉन्ट साइज २४ डीएमएम, आणि बटण ६४ डीएमएम, वर चारी बाजूंनी १६ मोकळी जागा.

आता हे समजून घ्यायला हेडसेट लागत नाही. एक ए४ कागद आडवा घ्या, कपाटाच्या दाराला डोळ्यांच्या किंचित खाली चिकटवा आणि मोजून एक मीटर मागे उभे राहा. तो कागद तुमच्या नजरेत साधारण १७ अंश रुंद आहे. त्यावर मार्करने ६४ मिलिमीटर उंचीचं बटण काढा, आत शब्द लिहा. पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं की अरे हे केवढं मोठं बटण! मोठं नाहीये. कंट्रोलरमधून (हातात धरायचं बटणांचं यंत्र) निघणारा लेझर हाताबरोबर थरथरतो, मनगट फक्त १ अंश हललं तरी दोन मीटरवर लेझरचं टोक ३५ मिलिमीटर सरकतं, आणि ट्रिगर दाबताना तर मनगट हलतंच. दोन मीटरवर पाच सेंटिमीटरचं बटण ठेवून "माझा हात का चुकतोय" म्हणणारी मंडळी मी बरीच बघितलीत, मी स्वतः त्यातलाच.

कागद हलवून बघा. डावीकडे-उजवीकडे साधारण ३० अंशांपर्यंत मान आरामात वळते, त्याच्या पुढे गेलं की मान नाही, कंबर वळवायला लागते. अर्ध्या मीटरपेक्षा जवळ आणला तर डोळे ताणतात, हेडसेटमध्ये हे जास्तच जाणवतं कारण लेन्सचा फोकस एका ठराविक लांबच्या अंतराला बांधलेला असतो आणि डोळे मात्र जवळच्या वस्तूकडे तिरळे व्हायला बघतात. वाचायचं पॅनेल म्हणून मी एक ते दीड मीटरवर ठेवतो आणि त्यावर फार विचार करत नाही.

मराठी अक्षराचं वेगळं काय

वरचे आकडे इंग्लिश डोळ्यासमोर ठेवून काढलेले आहेत. आपल्याकडे त्याच फॉन्ट साइजमध्ये वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, जोडाक्षराचं शेपूट, एवढं सगळं बसवायचं असतं, त्यामुळे मधलं अक्षर त्या मानाने बारीक राहतं. मी २४ च्या ऐवजी ३० ने सुरुवात करतो आणि दोन ओळींमधलं अंतर दीडपट ठेवतो, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात अडकते.

आणि शिरोरेषा. ही खरी डोकेदुखी आहे. मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ हेडसेटमध्ये एका अंशात साधारण २५ पिक्सेल मिळतात, क्वेस्ट २ मध्ये २० च्या आसपास, आणि तुमच्या लॅपटॉपवर नेहमीच्या अंतरावरून याहून बरेच जास्त असतात. म्हणजे एक मीटरवर २४ मिलिमीटरचं अक्षर क्वेस्ट ३ वर जेमतेम ३४ पिक्सेलचं, आणि त्यातली शिरोरेषा दीड-दोन पिक्सेलची. बारीक वजनाचा फॉन्ट घेतलात तर ती एका पिक्सेलच्याही आत जाते आणि मग डोकं जरासं हललं की अख्खी ओळ लुकलुकते, कधी वरची रेघ दिसते कधी गायब. पीएमपीच्या बसवरच्या एलईडी पाट्या आठवा, ठिपके मोजकेच असतात म्हणून अक्षर जाड आणि साधं ठेवावं लागतं, तोच हिशोब इथे. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही फुकट आहेत, आणि वजन मीडियम किंवा सेमीबोल्ड ठेवा. नाजूक कॅलिग्राफीचे फॉन्ट लग्नपत्रिकेसाठी राहू द्यात. मागचा रंग गडद राखाडी, अक्षर किंचित मळकं पांढरं, कारण काळ्याकुट्टावर पांढरंशुभ्र टाकलं की लेन्समध्ये अक्षराभोवती उजेड पसरतो.

आता टूल

चार रस्ते आहेत, चारही बरे आहेत, पण आपली ती तीन शब्दांची ओळ प्रत्येकात वेगळी वागते.

सगळ्यात हलका रस्ता वेबचा. ए-फ्रेम नावाची लायब्ररी आहे, २०१५ मध्ये मोझिलाच्या लोकांनी काढलेली, एक एचटीएमएल फाइल, त्यात एक स्क्रिप्टची ओळ, आणि पाच-सहा टॅगमध्ये सीन उभा राहतो. हेडसेट नसला तरी क्रोममध्ये इमर्सिव्ह वेब एम्युलेटर टाकून माउसने डोकं आणि कंट्रोलर फिरवता येतात, आणि अँड्रॉइड फोन कार्डबोर्डच्या डब्यात घालूनही बघता येतं, तिथे कंट्रोलर नसतो म्हणून नजरेचा कर्सर वापरायचा, बटणाकडे दीड सेकंद बघत राहिलं की ते दाबलं जातं. मराठीचं काय? ए-फ्रेमच्या स्वतःच्या टेक्स्टमध्ये देवनागरी मिळत नाही, पण ब्राउझरला मराठी उत्तम येतं, म्हणून मजकूर एका टूडी कॅनव्हासवर लिहायचा आणि ते चित्र पाटीवर चिकटवायचं. यात एकच ठेच लागते, फॉन्ट लोड व्हायच्या आधी कॅनव्हासवर लिहिलं तर भलत्याच फॉन्टमध्ये उमटतं आणि तसंच राहतं, त्यामुळे फॉन्ट आल्याची खात्री करून मगच काढा. आणि हेडसेटच्या ब्राउझरमध्ये पान उघडताना एचटीटीपीएस लागतंच, साध्या एचटीटीपीवर व्हीआर सुरूच होत नाही, गिटहब पेजेसवर (पान फुकट ठेवायची जागा) टाका म्हणजे प्रश्न मिटला.

युनिटी. नोकरीसाठी शिकत असाल तर हेच शिका, जाहिरातींमध्ये हेच मागतात. थोडक्यात सांगतो: एक्सआर प्लगइन मॅनेजमेंटमध्ये ओपनएक्सआर (वेगवेगळ्या हेडसेटशी बोलायची सामाईक पद्धत) चालू करा, एक्सआर इंटरॅक्शन टूलकिट टाका, कॅनव्हास, म्हणजे युनिटीतली बटणं ठेवायची पाटी, वर्ल्ड स्पेसमध्ये (थ्रीडी जगात) घ्या आणि त्याचं स्केल ०.००१ करा. हे स्केल लक्षात ठेवा, कारण त्याने एक पिक्सेल बरोबर एक मिलिमीटर होतो आणि फिग्मामधलं (स्क्रीन आखायचं टूल) डिझाइन जसंच्या तसं एक मीटरवर बसतं. लेझर बटणाला लागतोय पण बटण ढिम्म, असं झालं की दोन जागा बघा, कॅनव्हासवर ट्रॅक्ड डिव्हाइस ग्राफिक रेकास्टर आहे का, आणि इव्हेंट सिस्टिममध्ये एक्सआर यूआय इनपुट मॉड्यूल आहे की जुनंच राहिलंय. बहुतेक वेळा दुसरं असतं. मराठीला मात्र टेक्स्टमेशप्रो अक्षरं एकामागे एक ठेवत जातं, जोडाक्षरं जुळवत नाही, सहिंगड तिथेच झालेला. युनिटी ६ पासून यूआय टूलकिटमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड टेक्स्ट जनरेटर आलाय जो हार्फबझ (जोडाक्षरं, वेलांट्या जुळवणारी लायब्ररी) वापरतो, त्यात ती ओळ टाकून बघा. नाहीतर ठरलेली लेबलं चित्र म्हणून टाकायची, चार बटणांना ते चालतं, चारशे ओळींना नाही.

अनरिअल भारी आहे, अक्षरंही नीट जुळवतं, पण आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर पहिलं पॅनेल करायला अनरिअल उघडणं म्हणजे कोपऱ्यावरून दूध आणायला ट्रक काढणं.

आणि गोडो. गोडॉट म्हणा, गोडो म्हणा. युनिटीसारखंच गेम इंजिन, पण फुकट, एमआयटी लायसन्स (कसंही वापरा, बदला), इन्स्टॉल करायची गरज नाही, झिप उघडली की चालू. चौथ्या आवृत्तीपासून ओपनएक्सआर आतच आहे आणि मजकुरासाठी हार्फबझ आहे, त्यामुळे आपली ओळ पहिल्याच फटक्यात बरोबर येते. नवीन माणसाने मराठी पॅनेल करायचं असेल तर माझं मत यालाच, म्हणून पुढच्या पायऱ्या गोडोच्या.

गोडोमध्ये प्रत्यक्ष

नवीन प्रोजेक्ट घेताना रेंडरर (चित्र काढणारा भाग) कंपॅटिबिलिटी निवडा, क्वेस्टसारख्या हेडसेटवर तो हलका पडतो. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये एक्सआर खाली ओपनएक्सआर आणि शेडर्स दोन्ही एनेबल करा, एडिटर रीस्टार्ट मागेल, करा. मग असेट लायब्ररीतून गोडो एक्सआर टूल्स उतरवा आणि प्लगइनच्या टॅबमध्ये जाऊन ते चालू करा, नुसतं उतरवून भागत नाही.

आता थ्रीडी सीन बाजूला ठेवा आणि आधी पॅनेलचा वेगळा टूडी सीन करा, अगदी मोबाइल अ‍ॅपची स्क्रीन करतो तसा. आकार ८०० बाय ५०० पिक्सेल. थीम बनवून त्यात मुक्ताची फाइल जोडा, साइज ३०, शीर्षकाला ४८. फॉन्ट न जोडताही लॅपटॉपवर मराठी दिसेल बरं का, कारण गोडो विंडोजकडून फॉन्ट उसना घेतो, पण हेडसेटमध्ये विंडोज नाही, तिथे काय मिळेल ते मिळेल. लेबलच्या प्रॉपर्टीमध्ये लँग्वेज म्हणून एक रकाना असतो, तिथे मराठीचा कोड एम आर टाका, फॉन्टमध्ये मराठीचे वेगळे आकार असले तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. पायऱ्या मधला र दोन तऱ्हेने टाइप होतो, दिसायला सारखाच पण आतून वेगळा, पुढे कधी सर्च टाकायचा असेल तर सगळीकडे एकच तऱ्हा ठेवा. हा सीन एकटाच चालवून लॅपटॉपवर माउसने बटणं दाबून बघा. बटणांची भानगड इथेच मिटवा, हेडसेट घालून काढून घालून मिटवू नका.

मग मुख्य थ्रीडी सीन. एक्सआर ओरिजिन, त्याच्या पोटात कॅमेरा आणि दोन कंट्रोलर, एकाचा ट्रॅकर डावा हात, दुसऱ्याचा उजवा. एक्सआर टूल्समधला स्टार्ट एक्सआर सीन टाका म्हणजे सुरुवातीचा कोड लिहायला नको. उजव्या कंट्रोलरच्या खाली फंक्शन पॉइंटर टाका, हाच तो लेझर. आता व्ह्यूपोर्ट टूडी इन थ्रीडी नावाचा सीन आणा आणि त्याला आपला टूडी सीन द्या. इथे दोन आकडे भरायचे असतात, स्क्रीनचा आकार मीटरमध्ये आणि व्ह्यूपोर्टचा (टूडी सीन ज्यावर काढला जातो तो) पिक्सेलमध्ये, आणि बहुतेक जण इथेच घसरतात. स्क्रीन ०.८ बाय ०.५, व्ह्यूपोर्ट ८०० बाय ५००. एक पिक्सेल एक मिलिमीटर, कपाटावरचाच हिशोब. दोन्हीचं प्रमाण जुळलं नाही तर अक्षरं चपटी दिसतात. एक मीटरवर हे पॅनेल साधारण ४४ अंश रुंद दिसतं, म्हणजे मान न वळवता वाचता येतं. मधला बिंदू जमिनीपासून दीड मीटरच्या जरा खाली ठेवा आणि पॅनेल वरच्या बाजूने थोडं मागे कलतं करा, देव्हाऱ्यासमोर पोथी ठेवतो तसं.

पॅनेलचा अपडेट मोड थ्रॉटल्ड (दर फ्रेमला नाही, थोड्या थोड्या वेळाने) ठेवा. ७२ हर्ट्झवर एका फ्रेमला १४ मिलिसेकंदही मिळत नाहीत, आणि जे पॅनेल बदलतच नाहीये ते दर फ्रेमला पुन्हा काढण्यात हा वेळ वाया घालवण्यात काय अर्थ आहे. अक्षरं अजून धुरकट वाटली तर गोडो ४.३ पासून कंपोझिशन लेयर आलेत, त्यात पॅनेल थेट हेडसेटच्या कंपोझिटरकडे (शेवटचं चित्र जुळवणारा भाग) जातं आणि मजकूर बराच स्वच्छ दिसतो, पण ते दुसऱ्या आठवड्याचं काम.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका, पॅनेल कॅमेऱ्याच्या पोटात टाकू नका. मग ते डोक्याबरोबर फिरतं, चष्म्याच्या काचेवर माशी बसल्यासारखं, आणि पाच मिनिटांत मळमळायला लागतं. पॅनेल जागेवर राहू दे, माणूस वळला तर थांबून हळूच मागून येऊ दे.

हेडसेटवर चढवताना

एक्सपोर्टसाठी जेडीके १७, अँड्रॉइड एसडीके (दोन्ही अँड्रॉइड अ‍ॅप बनवायची साधनं) आणि गोडोचं ओपनएक्सआर व्हेंडर्स प्लगइन लागतं, पहिल्या वेळी यात एक संध्याकाळ जाते, घाई असताना बसू नका. क्वेस्टवर डेव्हलपर मोड फोनमधल्या अ‍ॅपमधून चालू होतो, त्याआधी मेटाकडे डेव्हलपर म्हणून नोंद करायला लागते. केबल जोडली की "यूएसबी डीबगिंगला परवानगी द्यायची का" असा प्रश्न हेडसेटच्या आत येतो, आणि हेडसेट टेबलावर पडलेला असतो, आपण लॅपटॉपकडे बघत बसतो की डिव्हाइस का दिसत नाही.

माझं तर याहून भारी झालं. पुण्याच्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) स्वस्तातली लांब केबल आणली, हेडसेट छान चार्ज व्हायचा, लॅपटॉपला मात्र दिसेना, दोन संध्याकाळी ड्रायव्हर टाकून काढून झाले, शेवटी कळलं की केबलमधून फक्त चार्जिंग जातं, डेटाच्या तारा नाहीतच. त्यामुळे केबल घेताना "डेटा केबल द्या" असं स्पष्ट सांगा आणि शक्य असेल तर दुकानातच फोन लॅपटॉपला जोडून फोटो कॉपी करून बघा. अजून एक, टेस्ट करताना हेडसेट डोक्यावरून काढला की झोपी जातो, आतल्या सेन्सरवर काळी टेप लावली की जागा राहतो.

दुसऱ्याला घालायला द्या

स्वतः पाचशे वेळा बघितलेलं पॅनेल आपल्याला सोपंच वाटतं. मी आईला दिलं. तिचा चष्मा आधी आत बसेना, माझ्या हेडसेटबरोबर चष्म्यासाठी एक स्पेसर येतो तो बसवावा लागला. मग तिने सिंहगड वाचलं, पुणे दरवाजा वाचलं, अडखळली नाही, मला वाटलं जिंकलो. मी म्हटलं, "आता समाधीवर दाब." तिने कंट्रोलर धरलेला हात सरळ पुढे केला आणि बटणाला टोचायला गेली. लेझर तिकडे छताला लागलेला. "अरे हात पोचतच नाहीये, जवळ आण ना जरा," म्हणाली. तिचं बरोबरच होतं, बटण दिसलं की माणूस बोटाने दाबतो, लिफ्टमध्ये काय लेझर मारतो का आपण.

म्हणून आता पहिल्यांदा घालणाऱ्यांसाठी मी पॅनेल ५५ ते ६० सेंटिमीटरवर आणतो आणि एक्सआर टूल्समधलं पोक (बोटासारखं टोचून बटण दाबणारं) हाताच्या टोकाला जोडतो. जवळ आणताना मापंही त्याच प्रमाणात कमी करायची, नाहीतर पॅनेल अंगावर आल्यासारखं वाटतं, ०.८ बाय ०.५ चं ०.४८ बाय ०.३ केलं की पुरतं, व्ह्यूपोर्टचे पिक्सेल तेवढेच ठेवा. बटण दाबलं गेलं की छोटा टक आवाज आणि कंट्रोलरला हलका झटका द्या, कारण बोटाला हवेत काहीच लागत नाही आणि माणूस तेच बटण तीनदा दाबतो. पॅनेल छातीच्या उंचीला घ्या, खांद्याच्या वर नेलं तर दोन मिनिटांत हात भरून येतो.

समाधीची माहिती वाचून झाल्यावर आईने विचारलं, "आता मागे कसं जायचं?" मागे जायचं बटण मी ठेवलंच नव्हतं. ते आता डाव्या खालच्या कोपऱ्यात आहे, बाकीच्यांपेक्षा थोडं मोठं, आणि त्यावर बाण न काढता सरळ "मागे" असंच लिहिलंय.